जळवेपासून हेपरिनपर्यंत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या लहानपणी यावलला आमच्या आळीत एक म्हातारे गृहस्थ जळवा लावत. पायाला सूज आली, गळू ठसठसू लागलं, की माणसं त्यांच्याकडे जात. मडक्यातल्या पाण्यातून ते जळू काढत, दुखऱ्या जागी ठेवत आणि रक्त पिऊन टम्म फुगली की ती आपोआप गळून पडे. माझ्या आजीच्या घोट्याला त्यांनी जळू लावली तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. जळू गळून पडली त्याचं मला फारसं नवल वाटलं नाही. आठवतं ते त्यानंतरचं. त्या बारीकशा जखमेतून रक्त झिरपतच राहिलं. आजीने हळद दाबली, कापूस दाबला, फडक्याच्या दोन पट्ट्या भिजल्या. शेतात विळा लागून याहून मोठी जखम झाली तरी थोड्या वेळात रक्त थांबतं, मग हे का थांबत नाही, असं मी विचारलं. आजी म्हणाली, "जळू तोंडात काहीतरी घेऊन येते रे बाबा."

ते 'काहीतरी' काय होतं, हे मला पन्नासेक वर्षांनी कळलं. तेही माझ्या थोरल्या भावाच्या डायलिसिसच्या कॉटशेजारी बसून.

अण्णा केळीचे बागायतदार. मधुमेहाने त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि २००६ साली डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा आम्ही पहाटे यावलहून निघायचो आणि तापी ओलांडून जळगावला जायचो. ज्याने आयुष्यभर केळी पिकवली, त्याला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी केळं बंद केलं. केळ्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि निकामी मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही. अण्णांनी हे हसत सोसलं. पण आज मला बोलायचं आहे ते केळ्याबद्दल नाही, रक्त साकळण्याबद्दल.

एके दिवशी डायलिसिस आटोपलं. अण्णांची एक दाढ बरेच दिवस दुखत होती. जळगावला आलोच आहोत, तर दाढ काढूनच जाऊ, असा विचार मीच मांडला. तासाभरात दाढ निघाली. दातांच्या डॉक्टरांना आम्ही मधुमेह सांगितला, रक्तदाब सांगितला. आत्ताच डायलिसिसवरून उठून आलो आहोत, हे मात्र सांगितलं नाही. ते सांगण्यासारखं आहे, हेच ठाऊक नव्हतं. परतीच्या वाटेवर अण्णांचा रुमाल लाल झाला. यावलला पोचेपर्यंत तीन रुमाल झाले. रात्री उशिरापर्यंत कापसाचा बोळा दाताखाली दाबून ते बसून होते आणि मी समोर बसून आजीच्या घोट्याची ती पट्टी आठवत होतो.

दोन दिवसांनी पुन्हा डायलिसिस. हिरडीतून अजून रक्त पाझरत होतं, म्हणून डॉक्टरांनी त्या दिवशी रक्त न गोठण्याचं औषध अजिबात द्यायचं नाही असं ठरवलं. दर अर्ध्या तासाने नळीतून सलाइन सोडून ती धुवायची, एवढाच उपाय होता. तिसऱ्या तासाला यंत्र किंचाळू लागलं. पारदर्शक नळीतलं लाल रक्त काळपट झालं, गाळणीचे धागे गोठले. आतलं रक्त परत देता येईना. काही क्षणांपूर्वी अण्णांचं असलेलं पाव लिटरच्या आसपास रक्त नळ्यांसकट टाकून द्यावं लागलं. मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या अंगात मुळातच रक्त कमी. तेवढंही त्याला जड जातं.

एकाच आठवड्यात आम्ही दोन्ही टोकं पाहिली. औषध अंगात असताना जखम झाली, तर रक्त थांबेना. औषध दिलं नाही, तर रक्त यंत्रात गोठलं. तिथल्या सिस्टरांनी मला समजावलं, "काका, सगळं मात्रेवर आहे. थोडं जास्त झालं तर माणसाला धोका, थोडं कमी झालं तर यंत्राला." ही मात्रा माणसाला कशी गवसली, याचा मी पुढे शोध घेतला. मी इतिहासाचा शिक्षक, सवयच ती.

आधी डायलिसिसमध्ये होतं काय, ते पाहू. हातातल्या रक्तवाहिनीतून रक्त बाहेर काढायचं, एका गाळणीतून न्यायचं आणि परत शरीरात सोडायचं. या गाळणीला डायलायझर म्हणतात. तिच्यात केसासारख्या बारीक, पोकळ अशा हजारो नळ्या असतात. आतून रक्त वाहतं, बाहेरून क्षारयुक्त शुद्ध पाणी, आणि नळीच्या भिंतीतून रक्तातली घाण पाण्यात उतरते. मिनिटाला अडीचशे ते तीनशे मिलिलिटर रक्त फिरतं. चार तासांत साठ-सत्तर लिटर. माणसाच्या अंगात रक्त असतं पाचेक लिटर. म्हणजे अंगातलं सगळं रक्त बारा-तेरा वेळा बाहेर जाऊन परत येतं.

आता रक्ताचा स्वभाव असा की ते आपल्या घरात, म्हणजे रक्तवाहिनीत, निवांत वाहतं. घराबाहेर पडलं की साकळतं. जखम झाल्यावर आपण जगतो ते याच गुणामुळे. पण प्लॅस्टिकची नळी आणि विळ्याची जखम यांतला फरक रक्ताला कळत नाही. परक्या पृष्ठभागाला स्पर्श झाला की गुठळी धरायला सुरुवात. त्यातच मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाच्या रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे गुठळीची पहिली वीट रचणाऱ्या पेशी, नीट काम करत नाहीत. त्यामुळे जखमेतून रक्त वाहण्याची भीती इतरांपेक्षा जास्त आणि यंत्रात गोठण्याची भीती आहेच. जो गुण माणसाला वाचवतो, तो चार तासांपुरता बाजूला ठेवायचा आणि वेळ संपली की परत आणायचा, असं हे काम आहे.

याची पहिली किल्ली जळवेने दिली. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात जळवांवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यांचे बारा प्रकार सांगितले आहेत, सहा विषारी आणि सहा बिनविषारी. त्या कशा पकडाव्यात, कशा जपाव्यात, कशा लावाव्यात, हेही आहे. युरोपातही जळवांचं मोठं प्रस्थ होतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकट्या फ्रान्समध्ये वर्षाला कोट्यवधी जळवा बाहेरून मागवल्या जात. पण जळवेने चावलेली जागा वाहत का राहते, याचा शास्त्रीय उलगडा झाला १८८४ मध्ये. जॉन हेक्राफ्ट या ब्रिटिश शास्त्रज्ञाने जळवेच्या डोक्याकडच्या भागातून असा अर्क काढला, की तो मिसळलेलं रक्त गोठेना. पुढे त्या द्रव्याला हिरुडिन हे नाव मिळालं. आजीचं 'काहीतरी' ते हेच.

डायलिसिस हा शब्द त्याआधीच आला होता. ग्लासगोत काम केलेले रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम यांनी १८६१ मध्ये तो वापरला. पातळ पडद्यातून लहान कण पलीकडे जातात, मोठे अडतात, हे त्यांनी दाखवलं होतं. मग रक्तालाच असं गाळून का काढू नये? हा विचार प्रत्यक्षात आणला अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जॉन एबल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी. १९१३ मध्ये त्यांनी कुत्र्याचं रक्त कोलोडियन नावाच्या पदार्थाच्या नळ्यांतून फिरवून परत शरीरात सोडलं. रक्त गोठू नये म्हणून त्यांच्याजवळ एकच साधन होतं: जळवा. युरोपातून जळवा मागवायच्या, त्यांची डोकी कुटून अर्क काढायचा. हा अर्क महाग, पुरेसा शुद्ध नाही, आणि प्रत्येक वेळी त्याचा जोर वेगळा. त्यात पहिलं महायुद्ध पेटलं आणि युरोपातून येणाऱ्या जळवाच बंद झाल्या. कृत्रिम मूत्रपिंडाचं काम जळवेवाचून अडलं!

योगायोग असा की पुढचं पाऊलही त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये पडलं. १९१६ साली जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीय विद्यार्थी प्राध्यापक विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. त्याला शोधायचं होतं नेमकं उलटं: रक्त गोठवणारं द्रव्य. निरनिराळ्या अवयवांचे अर्क काढता काढता त्याला दिसलं, की यकृताचा एक अर्क काही दिवस ठेवला तर त्याची गोठवण्याची ताकद ओसरते आणि मग तो गोठणं थांबवू लागतो. मॅक्लीन यांनी पुढे सांगितलेली आठवण अशी, की त्यांनी मांजराच्या रक्ताने भरलेल्या एका लहान पेल्यात तो अर्क ढवळला, पेला हॉवेल यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "हे गोठलं की मला सांगा." ते रक्त गोठलंच नाही.

हॉवेल यांनी १९१८ साली अशा द्रव्याला 'हेपरिन' हे नाव दिलं. ग्रीक भाषेत यकृताला 'हेपार' म्हणतात. या शोधाचं श्रेय विद्यार्थ्याचं की गुरूचं, यावर पुढे बरीच वर्षं वाद झाला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की रक्त न गोठू देणारं द्रव्य आता जळवेत शोधायची गरज उरली नाही; ते सस्तन प्राण्यांच्या शरीरातच होतं.

पण शोध लागला म्हणजे औषध झालं असं नाही. सुरुवातीचं हेपरिन अशुद्ध होतं. त्याने ताप यायचा, थंडी वाजायची. जर्मनीतल्या गीसन शहरातले डॉक्टर गेऑर्ग हास यांनी १९२४ मध्ये माणसावर पहिलं डायलिसिस केलं, ते हिरुडिन वापरूनच, आणि अवघी १५ मिनिटं. अशुद्ध हिरुडिनचा त्रास पाहून ते १९२८ पर्यंत हेपरिनकडे वळले. त्यांचे मोजके रुग्ण. त्यातलं कोणीही वाचलं नाही. इतर डॉक्टरांकडून पाठिंबा मिळाला नाही आणि हास यांनी काम थांबवलं.

हेपरिन खऱ्या अर्थाने हाती आलं ते कॅनडातल्या टोरांटो शहरात. इन्सुलिनच्या शोधात बँटिंग यांच्याबरोबर असलेले चार्ल्स बेस्ट यांनी ते शुद्ध करण्याचं काम हाती घेतलं. त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी गुरांचं यकृत आणि मग फुप्फुस वापरून शुद्ध हेपरिन तयार केलं. १९३५ मध्ये ते रुग्णाला देण्यात आलं. स्टॉकहोममध्येही याच सुमारास हे काम झालं. आता हेपरिनची मात्रा 'युनिट'मध्ये मोजता येऊ लागली. जळवेचा अर्क आणि हेपरिन यांतला सर्वांत मोठा फरक मला हाच वाटतो. मोजता आलं म्हणून ते माणसाला देता आलं.

दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्स जर्मनीच्या ताब्यात असताना काम्पेन या छोट्या गावच्या रुग्णालयात विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने १९४३ मध्ये कृत्रिम मूत्रपिंड बांधलं. लाकडी पट्ट्यांचं एक आडवं पिंप, त्यावर गुंडाळलेली सेलोफेनची लांबलचक नळी. मांसाचे सॉसेज भरायला वापरतात, ती ही नळी. पिंप क्षाराच्या पाण्यात फिरायचं आणि नळीतलं रक्त स्वच्छ व्हायचं. रक्त गोठू नये म्हणून हेपरिन. पहिले बहुतेक सगळे रुग्ण दगावले, पण कोल्फ थांबले नाहीत. सप्टेंबर १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बेशुद्ध स्त्री त्यांच्या यंत्रामुळे शुद्धीवर आली आणि जगली. युद्ध संपल्यावर कोल्फ यांनी आपली यंत्रं इतर देशांतल्या रुग्णालयांना मोफत देऊन टाकली.

तरीही डायलिसिस काही दिवसांपुरतंच करता येई, कारण प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. १९६० मध्ये अमेरिकेतल्या सिअॅटल शहरात बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम राहणारी टेफ्लॉनची नळी बसवली. त्यांचा पहिला रुग्ण त्यानंतर अकरा वर्षं जगला. पण ती नळीसुद्धा परकीच, तिच्यातही गुठळ्या धरत. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी वेगळा मार्ग काढला. बाहेरची नळी नकोच. मनगटाजवळची धमनी आणि शीर एकमेकींना जोडून द्यायच्या. यालाच आपले रुग्ण 'फिस्टुला' म्हणतात. अण्णांच्या डाव्या हातावर तो दोरखंडासारखा फुगलेला दिसे, आणि बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरल्यासारखं जाणवे. फिस्टुला नळीपेक्षा टिकतो, कारण तो आपल्याच रक्तवाहिनीचा असतो. आपल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात हेपरिनचं एक भावंडच असतं आणि ते तिथलं रक्त गोठू देत नाही. निसर्गाने ही युक्ती आधीच केलेली होती.

आपल्या देशात १९६०च्या दशकाच्या आरंभी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डायलिसिस सुरू झालं. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. विद्या आचार्य यांच्यासारख्या डॉक्टरांनी मूत्रपिंडविकाराचं काम उभं केलं. आमच्या भागातल्या माणसाला मात्र कित्येक वर्षं डायलिसिस म्हणजे भुसावळहून मुंबईची गाडी, नातेवाइकांकडे मुक्काम आणि शेत विकणं, असाच अर्थ होता. जवळच्या शहरात ही सोय आली आणि निदान गाडीभाडं वाचलं.

हेपरिन हाती आलं तरी धोका संपला नव्हता. ज्याला अल्सर आहे, ज्याची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, ज्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला आहे, त्याचं काय? १९५०च्या दशकात एक युक्ती निघाली. रक्त यंत्रात शिरताना हेपरिन द्यायचं आणि अंगात परतताना प्रोटामिन देऊन त्याचा परिणाम मारायचा. हे प्रोटामिन येतं साल्मन माशाच्या वीर्यातून. कागदावर उत्तम, पण काही तासांनी प्रोटामिनचा जोर ओसरे, हेपरिन पुन्हा डोकं वर काढी आणि घरी गेलेल्या रुग्णाला रक्तस्राव सुरू होई. म्हणून ही पद्धत मागे पडली.

दुसरा मार्ग सायट्रेटचा. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं. सायट्रेट त्या कॅल्शियमला बांधून टाकतं. रक्तपेढीच्या पिशवीतलं रक्त याच कारणाने द्रव राहतं, आणि ही युक्ती १९१४-१५ पासूनची आहे. डायलिसिसमध्ये नळीत सायट्रेट सोडायचं आणि परतताना कॅल्शियम भरून काढायचं. रक्त फक्त यंत्रात गोठत नाही, माणसाच्या अंगात त्याचा गुण शाबूत राहतो. अतिदक्षता विभागात ही पद्धत आता बरीच रुळली आहे, पण तिथे कॅल्शियम वरचेवर तपासावं लागतं. तिसरा मार्ग अण्णांच्या बाबतीत पाहिला तो: औषधच न देता सलाइनने नळी धुणं. त्यात कधीकधी गाळणी गोठते. पण रक्तस्राव होत असलेल्या माणसासाठी गोठलेली गाळणी परवडते.

या तिसऱ्या मार्गाचं आमच्या खानदेशात एक खास काम आहे. केळीच्या बागेत, उसात, कपाशीत घोणस निघते. तिच्या विषाने रक्तातली गोठणारी द्रव्यं संपून जातात. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं आणि बऱ्याचदा मूत्रपिंडही बंद पडतं. ग्रामीण रुग्णालयात यासाठी साधी चाचणी करतात. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करायची. रक्त ओघळलं तर विष भिनलं आहे असं समजायचं आणि सर्पविषावरची लस द्यायची. अशा रुग्णाचं मूत्रपिंड बंद पडलं तर डायलिसिस करावंच लागतं, पण तिथे हेपरिन म्हणजे आगीत तेल. या रुग्णांपैकी अनेकांचं मूत्रपिंड काही आठवड्यांनी पुन्हा चालू होतं. तेवढा काळ हेपरिनवाचून, जपून काढायचा असतो. गंमत पाहा, याच घोणशीचं अतिसौम्य केलेलं विष १९३४ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी हिमोफिलियाच्या रुग्णांचं रक्त थांबवायला वापरलं होतं. विष आणि औषध यांच्यात इथेही मात्रेचंच अंतर.

मात्रा चुकली की काय होतं, हे जगाने पाहिलं आहे. हेपरिनच्या कुप्या वेगवेगळ्या जोराच्या असतात. आपल्याकडे पाच मिलिलिटरच्या एका कुपीत एकूण ५,००० युनिट असतात, तेवढ्याच आकाराच्या दुसरीत २५,०००. सिस्टरांनी मला दोन्ही शेजारी ठेवून दाखवल्या. चष्म्याशिवाय मला फरक कळला नाही. २००६ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरातल्या एका रुग्णालयात अशीच कुप्यांची गल्लत झाली, हजारपट जोराचं हेपरिन नवजात बाळांना गेलं आणि तीन बाळं दगावली. त्यानंतर कुप्यांची लेबलं बदलली, दोघांनी तपासूनच द्यायचं असे नियम झाले.

आणखी एक धडा २००८चा. हेपरिन आज मुख्यतः डुकराच्या आतड्यांपासून काढतात आणि त्याचा फार मोठा कच्चा माल चीनमधून येतो. त्या वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सेंट लुई शहरात डायलिसिसवरच्या मुलांना औषध देताच रक्तदाब घसरणं, सूज येणं असे प्रकार दिसले. शोध घेता आढळलं, की चीनहून आलेल्या कच्च्या हेपरिनमध्ये दिसायला आणि चाचणीला हेपरिनसारखंच ठरणारं एक स्वस्त द्रव्य मिसळलेलं होतं. जुन्या चाचण्यांना ते सापडतच नव्हतं. अनेक रुग्ण दगावले. त्यानंतर जगभर हेपरिनच्या शुद्धतेच्या चाचण्या बदलल्या. भेसळ म्हटलं की आपल्याला दूध आणि तेल आठवतं. ती रक्तातही पोचू शकते.

काही थोड्या रुग्णांत हेपरिन उलटंच वागतं. त्यांच्या प्लेटलेट कमी होतात आणि तरीही अंगात गुठळ्या होतात. अशांना हेपरिन कायमचं बंद करावं लागतं. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अशा रुग्णांसाठी एक नवं औषध आलं, ते होतं प्रयोगशाळेत बनवलेलं हिरुडिन. शंभर वर्षांनी जळू परत आली! ते औषध २०१२ मध्ये बाजारातून गेलं. पण त्याच हिरुडिनवरून बेतलेलं बिव्हॅलिरुडिन आजही हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या उपचारात वापरतात.

अण्णा २००९ मध्ये गेले, हृदयविकाराने, झोपेत. त्यांच्या काळात प्रत्येक डायलिसिसचे पैसे खिशातून जात. नंतर चित्र बदललं. राज्याची आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत धुळे होतं. २०१३च्या अखेरीस ती जळगावसह सगळ्या राज्यात आली, आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. २०१६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. त्यामुळे पूर्वी जे घराणं विकून होत असे, ते आज गरिबाच्याही आवाक्यात काही अंशी आलं आहे. पण खर्च सुटला म्हणून जोखीम सुटत नाही. जितके रुग्ण वाढले, तितके मात्रा मोजणारे हात आणि डोळेही वाढायला हवेत.

आणि त्यात आपलाही वाटा आहे. हेपरिनला आपण 'रक्त पातळ करणारं औषध' म्हणतो. त्याने रक्त पातळ होत नाही. रक्तातल्याच एका रोधक द्रव्याला ते जोर देतं आणि गुठळी अडवतं. त्याचा परिणाम तासा-दीड तासाने अर्ध्यावर येतो. म्हणून तर डायलिसिस संपायच्या आधीच ते बंद करतात. तरी सुया काढल्यावर बोट धरून ठेवावं लागतं आणि घरी पोचल्यावरही काही तास जपावं लागतं. दाढ काढायची आहे, पडून डोक्याला मार लागला आहे, शौचाला काळं होतं आहे, पाळी जास्त जाते आहे, हृदयासाठी दुसरी गोळी चालू आहे, उद्या कुठलं ऑपरेशन ठरलं आहे, यातलं काहीही असेल, तर ते कॉटवर झोपण्याआधी सांगायचं. आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलं, की "मी डायलिसिसवर आहे, शेवटचं अमुक दिवशी झालं," हे पहिलं वाक्य असलं पाहिजे. त्या संध्याकाळी हे एक वाक्य मी बोललो असतो, तर अण्णांची रात्र वेगळी गेली असती.

त्या प्रसंगानंतर सिस्टर दर वेळी सिरिंज भरण्याआधी कुपीवरचा आकडा मोठ्याने वाचत आणि अण्णांना विचारत, "काका, कुठे लागलंय? रक्त कुठून येतंय?" अण्णा दर वेळी तोंड उघडून दाखवत आणि म्हणत, "सगळ्या दाढा जागेवर आहेत." वॉर्डात हशा पिके. पण सिस्टर पुढच्या कॉटवर गेल्या, की तोच आकडा पुन्हा मोठ्याने वाचत आणि तोच प्रश्न पुन्हा विचारत.